फोंड्याच्या खोलीत इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर : घ्यावा की नको?

प्रश्न फोंड्याहून आलाय. खोली १२ बाय १४ फूट, चिऱ्याच्या जाड भिंती, वर स्लॅब. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत, शिवाय चवथीला घर भरलेलं असताना आरत्या. सध्या टू-वे बुकशेल्फ स्पीकर आहेत. त्यांची तक्रार अशी की डग्ग्याची एखादी थाप घुमते आणि तंबोरा पेटीत बसून वाजल्यासारखा येतो. आता ओळखीतून एक जुनी इलेक्ट्रोस्टॅटिक जोडी मिळतेय. साध्या स्पीकरपेक्षा यात नेमकं वेगळं काय, आपल्या पावसाळ्यात ती टिकेल का आणि घरचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) तिला पुरेल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत.

मी गोव्यात बरीच वर्षं स्पीकर दुरुस्त करतोय, लोकांच्या घरी जाऊन लावूनही देतो. त्या अनुभवावरून सांगतो, 'कुठला चांगला' असं विचारून इथे हाती काही लागत नाही. पुढूनही आणि मागूनही आवाज टाकणारा एक उंच पडदा तुमच्या खोलीत, तुमच्या ॲम्पवर आणि तुमच्या ऐकण्याच्या सवयीत बसतो का, हे आधी पाहायला हवं. त्यासाठी दोन्ही प्रकार आवाज कसा तयार करतात ते समजून घ्या, म्हणजे बाकीची उत्तरं त्यातूनच निघतील.

आपण ज्याला साधा स्पीकर म्हणतो त्याची रचना अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली. मूळ कल्पना आजही तीच आहे. मॅग्नेटच्या फटीत तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, आणि तिला चिकटवलेला कोन. करंट आला की कॉइल हलते आणि कोनाला ढकलते. पण हा जोर कोनाच्या मानेवर, एका छोट्या वर्तुळावर पडतो आणि तिथून कडेपर्यंत कोनाच्या अंगातून पोचावा लागतो. खालच्या सुरांना हे जमतं. वर जाऊ लागलो की कोनाची कड मानेच्या मागे पडते, कोन स्वतःच ठिकठिकाणी वाकू लागतो आणि मूळ सुरात नसलेलं काहीतरी त्यात मिसळतं. म्हणून वरच्या सुरांसाठी वेगळा ट्वीटर लागतो, आणि कुठले सूर कुणाकडे जायचे ते ठरवायला क्रॉसओव्हर लागतो. शिवाय कोनाच्या मागून निघणारा आवाज पुढच्याच्या उलट असतो. दोन्ही एकत्र आले तर बेस मरतो, म्हणून मागचा आवाज पेटीत कोंडायचा. पेटीच्या भिंती थोड्या थरथरतातच, आणि कोंडलेला आवाज पातळ कोनातून परत बाहेर डोकावतो. तुमच्या तंबोऱ्याची तक्रार बऱ्याच अंशी इथली आहे.

इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये ना कॉइल, ना कोन आणि बहुतेकदा ना पेटी. पॉलिएस्टरची एक अतिशय पातळ फिल्म चौकटीवर ताणून बसवलेली असते. तिच्यावर जेमतेम वीज वाहून नेईल असा लेप असतो आणि तिला काही हजार व्होल्टचा स्थिर भार दिलेला असतो, साधारण दोन ते पाच हजार. हाच बायस, आणि तो द्यायला स्पीकरला विजेचा प्लग लागतो. फिल्मच्या पुढे आणि मागे एकदोन मिलिमीटर अंतरावर भोकं असलेल्या धातूच्या दोन जाळ्या असतात, त्या स्टेटर. ॲम्पचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरने पन्नास-शंभर पट चढवून या जाळ्यांना उलटसुलट दिला जातो. एक जाळी ओढते तेव्हा दुसरी ढकलते.

जोर फिल्मच्या एका ठिकाणी न पडता तिच्या सगळ्या अंगावर एकदम पडतो. ताणलेल्या चादरीला मधोमध बोट लावलं तर मध्य पुढे जातो आणि कडा मागे राहतात. तीच चादर सगळीकडून सारखी ढकलली तर एकसंध पुढे सरकते. त्यात ही फिल्म वजनाला काहीच नसते. सहा मायक्रॉन जाडीच्या पॉलिएस्टरचं वजन एका चौरस मीटरला सुमारे ८ ग्रॅम भरतं. तेवढ्याच जागेवरच्या फक्त ७ मिलिमीटर जाडीच्या हवेचं वजनही तितकंच असतं. म्हणजे जी हवा हलवायची, तिच्याच तोडीचं हलकं काहीतरी ती हलवतंय. सूर थांबला की फिल्मही थांबते. तंबोऱ्याची जवारी, सारंगीच्या गजाचं घासणं, गायकाने सम घेण्याआधी ओढलेला श्वास हे सगळं इलेक्ट्रोस्टॅटिकवर इतकं सुटं ऐकू येतं ते यामुळे. त्यातून खालच्या षड्जापासून तारसप्तकापर्यंतचा गळा एकाच फिल्ममधून येतो. मधे वूफर (खालच्या सुरांचा मोठा कोन) आणि ट्वीटर यांचा सांधा नाही.

इथे एक बारकावा आहे. दोन जाळ्यांमध्ये फिल्म एका जाळीच्या जवळ गेली की ती जाळी तिला जास्त जोराने ओढणार, मग आवाज वाकडा व्हायला हवा. तसं होत नाही, कारण फिल्मवरच्या लेपाचा रोध मुद्दाम खूप जास्त ठेवतात आणि बायसही शेकडो मेगाओमच्या रोधातून देतात. फिल्म हलते तेवढ्या वेळात तिच्यावरचा भार कुठे पळूच शकत नाही. भार कायम राहिला तर फिल्मवरचा जोर ती फटीत कुठे आहे यावर अवलंबून न राहता फक्त सिग्नलवर अवलंबून राहतो. या शेकडो मेगाओमची आठवण ठेवा, पावसाळ्याचं सगळं त्यावर ठरतं.

आता खोलीकडे येऊ. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

तुमच्या खोलीची लांबी ४.२७ मीटर, रुंदी ३.६६ मीटर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये लांबीत सुमारे ४० आणि ८० हर्ट्झला, रुंदीत ४७ आणि ९४ हर्ट्झला आवाज अडकून घुमतो. डग्ग्याचा मूळ सूर बहुधा ८० ते ९४ च्या आसपासच पडतो. चिऱ्याची जाड भिंत हे सूर बाहेर जाऊ देत नाही, परत खोलीतच फेकते. म्हणजे घुमणारी थाप जितकी स्पीकरची, तितकीच किंवा त्याहून जास्त खोलीची आहे. पेटीतला स्पीकर खालचे सूर चहूबाजूंना सारखे सोडतो, त्यामुळे तो हे सगळे कोपरे जागे करतो. उघडा इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल आवाज पुढे आणि मागे टाकतो, पण कडेच्या रेषेत पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातात. बाजूच्या भिंतींकडे फारच थोडं जातं. रुंदीतली घुम त्यामुळे चांगलीच उतरते. लांबीतली राहते, ती खुर्ची पुढेमागे करून सांभाळायची.

फायदा मोठा आहे, पण त्याची किंमत जागेत मोजावी लागते. मागे गेलेला आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येणारच. पॅनेल भिंतीला टेकवून ठेवलं तर तो लगेच परत येतो आणि मूळ आवाजात कालवला जातो. एक मीटर पुढे ओढलं की तो सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा येतो, आणि कानाला दोन गोष्टी वेगळ्या कळू लागतात. मी कुठल्याही घरात एक मीटरपेक्षा कमी अंतर ठेवत नाही, दीड मिळालं तर घेतोच. तुमच्याकडे १.२ मीटर मागे सोडलं आणि खुर्ची २.४ मीटरवर ठेवली, तर खुर्चीमागे अर्ध्या मीटरहून थोडं जास्त उरतं. बसतंय. मात्र खोलीच्या पुढच्या तिसऱ्या भागात दोन उंच पॅनेल उभे राहणार, त्यांच्यामागे शोकेस ठेवता येणार नाही आणि येण्याजाण्याची वाट त्यांच्या बाजूने जाणार. हे घरातल्या सगळ्यांना चालेल का, ते आधी विचारा. चांगली जोडी घेऊन ती शेवटी भिंतीला टेकवलेली मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. तशी ठेवायची असेल तर साधा स्पीकरच बरा.

दुसरी अट बसण्याची. पडदा जितका रुंद तितके वरचे सूर अरुंद झोतात जातात. मधल्या खुर्चीत गायक अगदी समोर बसतो, तीन फूट सरकलात की आवाजावरचं तेज जातं. यावर उत्तम डोकं लढवलं ते इंग्लंडच्या क्वाड कंपनीच्या पीटर वॉकर यांनी. १९५७ साली त्यांनी घरात वापरता येईल असा पहिला पूर्ण पल्ल्याचा इलेक्ट्रोस्टॅटिक बाजारात आणला. पुढे १९८१ साली आलेल्या त्यांच्या ईएसएल-६३ मध्ये स्टेटर गोल कड्यांमध्ये विभागले आहेत आणि आवाज मधल्या कड्यापासून बाहेरच्या कड्यांकडे क्रमाने उशिरा पोचवला जातो. त्यामुळे तो पडद्याच्या सुमारे ३० सेंटिमीटर मागच्या एका बिंदूतून आल्यासारखा पसरतो. मार्टिन लोगन कंपनीने वेगळा मार्ग घेतला आणि पडदाच वक्र केला. दोन्ही उपायांनी झोत रुंदावतो, पण इलेक्ट्रोस्टॅटिक शेवटी एकदोन खुर्च्यांचाच राहतो. तुम्ही रात्री जेवणानंतर एकटे बसून ऐकत असाल तर काहीच बिघडत नाही. चवथीला माणसं वसरीपासून आतपर्यंत बसलेली असतात, तिथे मात्र हा स्पीकर निम्म्या लोकांपर्यंत पोचणार नाही.

आवाजाच्या जोराचंही तसंच. हवा एका मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट सोसते, त्यापुढे ठिणगी पडते. त्यामुळे फट, बायस आणि सिग्नल तिन्हींना मर्यादा आहे, आणि फिल्म मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पलीकडे हलूच शकत नाही. खालच्या सुरांना हवा जास्त हलवावी लागते, त्यात उघड्या पॅनेलचा मागचा आवाज कडेने वळून पुढे येतो आणि पुढच्याला खातो. साठ सेंटिमीटर रुंदीच्या पॅनेलला हा तोटा तीनशे हर्ट्झच्या खाली सुरू होतो. तो भरून काढायचे उपाय रचनेत केलेले असतात, पण जोर मर्यादितच राहतो. घुमटाची उघडी थाप म्हणजे मडक्यातल्या हवेचा एक घट्ट, अचानक धक्का. घुमट २०१९ पासून गोव्याचं राज्य वारसा वाद्य आहे आणि आपल्या सगळ्यांच्या कानात त्याचा आवाज पक्का बसलेला आहे. मोठ्या आवाजात तो धक्का छातीवर जाणवायला हवा असेल तर पूर्ण पल्ल्याचा इलेक्ट्रोस्टॅटिक तो देत नाही. आठ-दहा इंची वूफर देतो.

याउलट ख्यालाला हे फारसं लागत नाही. आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं घ्या. त्या ध्वनिमुद्रणात अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर मुळातच नाहीत, आहे तो सगळा मधला पट्टा. इलेक्ट्रोस्टॅटिकची खरी ताकद त्याच पट्ट्यात आहे. तबकडीची खरखर एका बाजूला राहते आणि आकार त्यातून सरळ पुढे येतो. इतका उघडा गळा मी दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या स्पीकरवर ऐकलेला नाही.

हायब्रिड, म्हणजे वर पॅनेल आणि खाली पेटीतला वूफर, हा मधला रस्ता आहे. जोर मिळतो, पॅनेल लहान राहतं. पण सांधा बहुधा दोनशे ते पाचशे हर्ट्झच्या दरम्यान येतो, म्हणजे पुरुषी गळ्याच्या अंगातच. वर हलकी फिल्म आणि खाली जड कोन, वर दोन दिशांना जाणारा आवाज आणि खाली सगळीकडे पसरणारा. हे जुळवणं काही जोड्यांना छान साधलंय, काहींना नाही. ऐकल्याशिवाय घेऊ नका.

ॲम्पबद्दल. साधा स्पीकर ॲम्पला चार-आठ ओमचा दिसतो. इलेक्ट्रोस्टॅटिक मुळात कॅपॅसिटर आहे. पॅनेलची धारिता एक नॅनोफॅरड आणि ट्रान्सफॉर्मर १:७५ धरला, तर ॲम्पला साडेपाच मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर दिसतो. एक किलोहर्ट्झला तो २८ ओमचा असतो, वीस किलोहर्ट्झला दीड ओमच्याही आत. काही ॲम्प अशा ओझ्यावर अस्थिर होऊन आतल्या आत दोलायमान होतात, होम थिएटरचे रिसीव्हर तर बऱ्याचदा प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतात. ज्या व्हॉल्व्ह ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे आतला रोध, एक ओमच्या आसपास आहे, तो सर्वांत वरच्या सुरांना जवळपास पाचवा हिस्सा व्होल्टेज गमावतो, म्हणजे २ डेसिबलच्या आसपास. तिथे आवाज मऊ लागतो आणि लोक त्याचं श्रेय पॅनेलला देतात. तुमच्या ॲम्पच्या पुस्तिकेत दोन ओमपर्यंत चालेल असं स्पष्ट लिहिलं असेल तर पुढे जा. 'किमान सहा ओम' लिहिलं असेल तर ॲम्पचा खर्चही हिशेबात धरा.

आता पावसाळा. याचं उत्तर स्पीकर किती जुना आहे, घर समुद्रापासून किती लांब आहे आणि खोली बंद राहते का, यावर बदलतं. तरी काय होतं ते सांगतो. जूनपासून हवेत दमटपणा ८५-९० टक्क्यांवर राहतो. पॅनेलच्या कडेला, फिल्म चौकटीला चिकटवलेल्या जागी, वर्षानुवर्षांची बारीक धूळ बसलेली असते. किनाऱ्याजवळच्या घरात त्यात मीठही असतं. हा थर पाणी धरतो आणि त्यातून बायस गळायला लागतो. गळती एक मायक्रोॲम्पिअरची असली आणि बायस ५०० मेगाओममधून येत असला, तरी ५०० व्होल्ट तिथेच जातात. एका बाजूचा आवाज हळूहळू खाली येतो, ऐकणाऱ्याला वाटतं बॅलन्स बिघडलाय. मग शांत जागी टिक, टिक असा आवाज सुरू होतो. दिवे मालवून जाळीतून आत पाहिलं तर त्याच जागी निळी ठिणगी दिसते. असं पॅनेल मी उघडतो तेव्हा फिल्मला टाचणीच्या टोकाएवढं, कडा तपकिरी झालेलं छिद्र सापडतं आणि त्याच्याभोवतीचा लेप उडालेला असतो. वेळेत लक्षात आलं तर सफाई आणि वाळवण्याने काम भागतं. तसंच वाजवत राहिलं तर फिल्म बदलावी लागते.

इलेक्ट्रोस्टॅटिक गोव्यात टिकतात, पण कोरड्या खोलीत. पावसाळ्याचे चार महिने दमटपणा साठच्या आसपास ठेवायला डिह्युमिडिफायर हवा, निदान रोज काही तास एसी. खिडकी उघडी ठेवून पाऊस ऐकत राहायची सवय असेल तर हा स्पीकर तुमच्यासाठी नाही. मृगाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमाराला जेव्हा गडगडाट होतो, तेव्हा त्याचा प्लग काढून ठेवायचा. वर्षातून एकदा, आदल्या रात्री प्लग काढून, दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने जाळीवरून धूळ ओढायची. ब्लोअर चालत नाही, त्याने धूळ आत जाते. आणि मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही, प्लग काढल्यावरही नाही. आतला भार बराच वेळ तसाच राहतो.

साधे स्पीकर आपल्या हवेत निर्धास्त असतात असंही समजू नका. कोनाच्या कडेचं फोमचं सराउंड दहापंधरा वर्षांत हात लावताच चुरा होतं, फटीत गंज चढून कॉइल घासते. पण ते काम म्हापशात, मडगावात होतं, कोन आणि रबर सराउंड मिळतात. पॅनेलची फिल्म बदलायला सपाट मोठं टेबल, सारखा ताण देणारी चौकट आणि योग्य लेप लागतो. तयार पॅनेल मागवायचं तर परदेशातून, आणि प्रवासात जपून.

इथवरचा हिशेब असा : तुमचं गाणं आणि तुमच्या खोलीची लांबी इलेक्ट्रोस्टॅटिकच्या बाजूने आहेत. चवथ, पावसाळा आणि कदाचित तुमचा ॲम्प विरुद्ध बाजूला.

मी तुमच्या जागी असतो तर आधी फुकटचं काम केलं असतं. आहेत ते स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढा, खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवा, समोरच्या लादीवर जाड सतरंजी टाका. खुर्ची पुढेमागे करत डग्गा कुठे सुटा होतो ते आठवडाभर ऐका. एवढ्याने घुम निवली आणि तंबोराही मोकळा झाला तर खर्च वाचला. घुम गेली पण तंबोरा पेटीतच राहिला, तर तुमचा कान खरोखर पॅनेल मागतोय. तेव्हा ती जोडी घ्या, पण साधे स्पीकर विकू नका. चवथीला तेच लागतील.

जोडी पाहायला जाल तेव्हा आधी पाठीमागे पाहा. प्लग घालायची सोय नसेल तर ते बहुधा मॅग्नेपॅनसारखं प्लेनर मॅग्नेटिक आहे. त्यात फिल्मवर तारा आणि मागे मॅग्नेट असतात. दिसायला तसंच, चालतं पूर्ण वेगळ्या तत्त्वावर, आणि विकणाऱ्यालाही अनेकदा फरक माहीत नसतो. ती चांगली गोष्ट आहे, पण किंमत त्याप्रमाणे ठरवा. प्लग असेल तर निदान दोन तास आधीपासून लावून ठेवायला सांगा. मग मोनोमध्ये एकच गळा वाजवून बॅलन्स डावीकडे-उजवीकडे फिरवा, दोन्ही पॅनेल सारखी वाजायला हवीत. संगीत बंद करून जाळीपाशी कान न्या : टिकटिक किंवा सरसर नको. खोलीत अंधार करून ठिणगी पाहा. शेवटी पखवाज लावून आवाज हळूहळू चढवा आणि फिल्म जाळीला आपटल्याचा फटका येतो का ते ऐका. जोडी आत्तापर्यंत कुठल्या खोलीत होती तेही विचारा. शक्य असेल तर हे सगळं जुलै-ऑगस्टमध्येच करा. मार्चमध्ये ठणठणीत वाजणारी जोडी पावसात काय करते, ते तेव्हाच कळतं.